वांझ करटोली : एका वनस्पतिनामाचा इतिहास

१

मृगाचा पाऊस पडून गेला, की भंडारा जिल्ह्यातील रानांच्या कडेने, शेताच्या बांधांवरील काट्याकुट्यांतून आणि पडीक जमिनींवर एक नाजूक वेल जमिनीतून वर येतो व मिळेल त्या झुडपाच्या आधाराने पसरतो. आषाढ-श्रावणात त्यास लहान अंड्याएवढी, अंगभर मऊ काटे असलेली हिरवी फळे धरतात. ती मुख्यतः रानातून वेचून आणली जात असल्याने बाजारात त्यांचा भाव इतर भाज्यांहून चढा असतो. जवाहरनगर ही नागपूर-भंडारा रस्त्यावरील आयुध निर्माणीची वसाहत १९६० नंतरच्या दशकात उभी राहिली आणि निरनिराळ्या प्रांतांतील माणसे तेथे एकत्र आली. अशा वसाहतीच्या बाजारात एकाच टोपलीतील फळाला अनेक नावे मिळतात. स्थानिक माणूस त्यास काटवल म्हणतो, हिंदी भाषक ककोडा, छत्तीसगडकडील मनुष्य खेकसी आणि पुण्यामुंबईकडील मनुष्य करटोली किंवा कंटोली.

या नावांच्या जोडीस आणखी एक नाव आहे. परंतु ते भाजीच्या टोपलीपाशी ऐकू येत नाही, कारण त्या नावाच्या वेलास विकण्याजोगे काहीच धरत नाही. ते नाव ‘वांझ करटोली’ असे होय. संस्कृत निघंटूंत हीच वनस्पती ‘वन्ध्याकर्कोटकी’ या नावाने येते, आणि तेथे ती फळे देणाऱ्या कर्कोटकीहून निराळी, स्वतंत्र गुणधर्मांची वनस्पती मानलेली आहे. वस्तुतः वन्ध्याकर्कोटकी ही निराळी जाती नसून त्याच जातीचा नर वेल होय, असे आधुनिक अभ्यासक सामान्यतः मानतात. ज्याच्या परागावाचून एकही काटवल धरू शकत नाही, त्याच वेलास ‘वांझ’ हे नाव मिळावे, हे कसे घडले? या नावात कोणाचे, कोणत्या प्रकारचे ज्ञान साठविलेले आहे? आणि ते ज्ञान आज कोठवर पुरे पडते? या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

२

प्रथम वनस्पतीची ओळख करून घेणे इष्ट ठरेल. काटवल ही भोपळ्याच्या कुळातील वेल-वनस्पती असून तिचे शास्त्रीय नाव मोमॉर्डिका डायोइका असे आहे. कारलेही याच प्रजातीतील. परंतु कारल्याच्या एकाच वेलावर नरफुले व मादीफुले दोन्ही येतात. काटवलात मात्र नरफुलांचा वेल निराळा आणि मादीफुलांचा वेल निराळा असतो. फुले येईपर्यंत दोहोंतील भेद डोळ्यांना दिसत नाही. फुले आल्यावर तो सहज कळतो. नरफुलाच्या पाठीशी कुंचीसारखे एक मोठे छद असते, तर मादीफुलाच्या खाली काटेरी अंगाचा लहानसा अंडाशय प्रथमपासूनच दिसतो. फुले फिकट पिवळी असून ती संध्याकाळी उमलतात. त्यांचे परागण प्रामुख्याने रात्री उडणारे पतंग करतात.

या वेलाचा दुसरा विशेष त्याच्या मुळाशी आहे. पावसाळा सरल्यावर जमिनीवरचा भाग वाळून जातो. परंतु जमिनीखालील कंद जिवंत राहतो आणि पुढील वर्षी पहिल्या पावसाबरोबर त्याच जागी पुन्हा कोंब फुटतो. याचा अर्थ असा, की एका ठिकाणचा वेल हा वर्षानुवर्षे तोच वेल असतो, आणि नर असलेला वेल दरवर्षी नरच राहतो. उलट, बी टणक असते व सहजासहजी रुजत नाही. पुढील विवेचनात या दोन्ही गोष्टींचे महत्त्व दिसून येईल.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. ‘करटोली’ या नावाखाली सर्वत्र एकच वनस्पती नाही. सह्याद्रीच्या रानात मोठ्या, गडद पिवळ्या फुलांचा जो वेल आढळतो, तो बराच काळ मोमॉर्डिका डायोइका म्हणूनच नोंदला जात असे. २००७ मध्ये तो स्वतंत्र जाती असल्याचे दाखविण्यात आले व त्यास मोमॉर्डिका सह्याद्रिका हे नाव मिळाले. त्याची फुले संध्याकाळी न उमलता दिवसा उमलतात. बंगाल-आसामातील ‘काकरोल’ हीदेखील याच प्रजातीतील निराळी वनस्पती होय. तेव्हा नाव सारखे म्हणून वनस्पती सारखी, किंवा नाव निराळे म्हणून वनस्पती निराळी, ही दोन्ही अनुमाने या बाबतीत धोक्याची आहेत.

३

ग्रंथांतील परंपरा पाहता, चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील अन्नपानविषयक अध्यायात कर्कोटकाचा उल्लेख पटोलादी कडू शाकांच्या जोडीने येतो. त्याच संहितेच्या कल्पस्थानातील बारा अध्यायांपैकी पहिले सहा वमनद्रव्यांसंबंधी आहेत, आणि त्यांतील जीमूतक, इक्ष्वाकु, धामार्गव व कृतवेधन हे चार या भोपळ्याच्याच कुळातील वनस्पतींवर आहेत. या कुळातील कडू द्रव्यांची तीव्रता वैद्यांना चांगली परिचित होती, हे यावरून स्पष्ट होते. कर्कोटकाचे स्थान मात्र तेथे नसून शाकवर्गात, म्हणजे स्वयंपाकघरात होते.

पुढील काळात तिचे औषधी उपयोग वाढलेले दिसतात. अकराव्या शतकातील चक्रपाणिदत्ताने कावीळीवर कर्कोटाच्या मुळाचे नस्य सांगितले आहे. सोळाव्या शतकातील भावप्रकाशात कर्कोटकीच्या फळास दीपन म्हटले असून कुष्ठ, मळमळ, अरुची, श्वास, कास व ज्वर यांवर ते उपयुक्त मानले आहे. याच ग्रंथात वन्ध्याकर्कोटकी स्वतंत्रपणे येते. तिचे गुण फळाच्या गुणांहून सर्वस्वी निराळे आहेत. ती कफनाशक, व्रण शुद्ध करणारी आणि विशेषतः सर्पाचे व इतर विष हरण करणारी म्हणून वर्णिली आहे. तिच्या पर्यायनामांत ‘देवी’ व ‘नागारि’ ही नावे आहेत. रसशास्त्राच्या ग्रंथांतही पाऱ्यावरील संस्कारांत तिचा रस वापरलेला आढळतो. एकीचे फळ भाजीचे, दुसरीचा कंद विषावर. एक घरातली, दुसरी मांत्रिक-रसवैद्यांच्या झोळीतली, अशी ही वाटणी होती.

या दोन नोंदी एकमेकींशेजारी ठेवल्या असता एक गोष्ट लक्षात येते. एखाद्या वर्षी एखाद्या वेलास फळ न धरणे यात नवल नाही. पाऊस, कीड, सावली अशी त्याची अनेक कारणे असू शकतात. तेवढ्यावरून कोणी त्या वेलास निराळे नाव देणार नाही. ‘वन्ध्या’ हे नाव रूढ होण्यासाठी तोच वेल, त्याच जागी, अनेक वर्षे पाहिलेला असला पाहिजे. त्यास दरवर्षी फुले येतात व फळ कधीच येत नाही, हे ध्यानात आलेले असले पाहिजे. म्हणजे हे नाव दीर्घकालीन निरीक्षणाचे फलित होय. हे निरीक्षण ग्रंथ लिहिणाऱ्यांपेक्षा दरवर्षी रानात त्याच वाटेने जाणाऱ्या, कोणत्या झुडपाशी फळ मिळते व कोठे मिळत नाही हे जाणणाऱ्या, वेचणाऱ्यांचे असणे अधिक संभवनीय आहे.

तथापि याच नावावरून त्या निरीक्षणाची मर्यादाही कळते. एकाच फळातील बिया पेरून वेल वाढविले असते, तर त्यांत सुमारे निम्मे फळणारे व निम्मे न फळणारे निघाले असते, आणि दोन्ही एकाच आईची लेकरे आहेत हे आपोआप सिद्ध झाले असते. त्यानंतर त्यांना दोन निराळ्या वनस्पती मानणे अवघड होते. निघंटूंनी त्या निराळ्या मानल्या, याचा अर्थ ही वनस्पती पेरली जात नव्हती. ती वेचली व खणली जात होती. वन्ध्याकर्कोटकी हे नाव शेतकऱ्याचे नसून संग्राहकाचे आहे, असे यावरून म्हणता येते.

४

आता भाषेच्या अंगाने विचार करू लागल्यास पहिला प्रश्न असा, की भारतीय परंपरेस वनस्पतींतील स्त्री-पुरुष भेदाची कल्पनाच नव्हती काय? ती होती, परंतु निराळ्या अर्थाने. चरकाने कल्पस्थानात कुड्याचे दोन प्रकार सांगितले आहेत. मोठी फळे व पांढरी फुले असलेला तो पुरुष, आणि तांबूस फुले व बारीक फळे असलेली ती स्त्री. येथे ‘पुरुष’ कुड्यास फळे आहेतच, किंबहुना ती अधिक मोठी आहेत. म्हणजे हा भेद प्रजननाचा नसून आकार, रंग व जोम यांवर बसविलेला आहे. फळ हे वनस्पतीच्या कोणत्याही रूपास असावयाचेच, अशी त्यामागील धारणा दिसते. मग ज्यास फळ नाही ते ‘पुरुष’ न ठरता ‘उणे’ ठरते.

अशा उणेपणासाठी संस्कृतात शब्दही तयार होता. अमरकोशाच्या वनौषधिवर्गात न फळणाऱ्या झाडासाठी वन्ध्य, अफल व अवकेशी असे पर्याय दिलेले आहेत. येथे ‘वन्ध्य’ हे वृक्षाचे विशेषण असल्याने पुल्लिंगी आहे व त्यात स्त्रीचा निर्देश नाही. परंतु कर्कोटकी हे नाम स्त्रीलिंगी. वल्ली व लता हे शब्दही स्त्रीलिंगी. त्यामुळे तेच विशेषण या वेलास लागताच व्याकरणाच्या नियमानेच ‘वन्ध्या’ झाले. ‘देवी’सारखे पर्याय मिळाल्यावर ती व्याकरणातील स्त्री जणू खरीखुरी स्त्री बनली.

मराठीत येताना ही प्रक्रिया आणखी पुढे गेली. ‘सन्ध्या’पासून प्राकृतात ‘संझा’ व मराठीत ‘सांज’ झाले, त्याच क्रमाने ‘वन्ध्या’पासून ‘वंझा’ व ‘वांझ’ हा शब्द आला. मराठीत ‘वांझ’ जमिनीस किंवा झाडासही लावतात. पण हा शब्द उच्चारताच प्रथम डोळ्यांपुढे येते ती मूल नसलेली स्त्री. अपत्यहीनतेचा दोष, तो कोणाचाही असो, घरातील स्त्रीच्या माथी मारण्याची जी रूढी समाजात दीर्घकाळ चालत आली, तिचाच शब्द येथे एका नर वेलास चिकटलेला आहे. याच्या उलट उदाहरण पपईचे. पपई हे अमेरिका खंडातून पोर्तुगीज काळात आलेले झाड. ते परसात लावले गेले, बियांपासून वाढविले गेले. आणि लोंबत्या फुलांच्या, न फळणाऱ्या झाडास मराठीत सरळ ‘नर पपई’ म्हणतात. ‘पपई’ हे नामही स्त्रीलिंगीच आहे. तरीही तेथे ‘वांझ’ शब्द रूढ झाला नाही. लिंग व्याकरणाने दिले, हे खरे; परंतु अर्थ दिला तो वनस्पतीशी असलेल्या माणसाच्या संबंधाने. पेरणारा ‘नर’ म्हणतो, वेचणारा ‘वांझ’ म्हणतो.

मूळ नावाचा प्रवासही उद्बोधक आहे. ‘कर्कोट’ याचे प्राकृत रूप ‘कक्कोड’. त्यापासून हिंदी ‘ककोडा’ व गुजराती ‘कंकोडां’ ही रूपे सरळ लागतात. मराठीत याच नियमाने ‘काकोडी’सारखे काही अपेक्षित होते. प्रत्यक्षात ‘करटोली’, ‘कंटोली’ व ‘काटवल’ ही रूपे आढळतात. त्यांत ‘ट’ कायम आहे आणि दुसरा ‘क’ नाही. फळाच्या अंगावरील काट्यांमुळे ‘काटा’ या शब्दाने मूळ नावास आपल्याकडे ओढून घेतले असावे, हे संभवनीय वाटते. ‘काटवल’मधील ‘ल’ विशेष लक्षणीय आहे. ‘पटोल’पासून मराठीत ‘पडवळ’ झाले; तेथे एकेरी ‘ल’चा ‘ळ’ झाला आहे. ‘कारवेल्ल’पासून ‘कारले’ झाले. तेथे जोड ‘ल्ल’मुळे ‘ल’ टिकला आहे. ‘काटवल’मध्ये ‘ल’ टिकलेला आहे, तेव्हा त्यामागे ‘वल्ली’ हा शब्द असावा, असे सूचित होते. भंडाऱ्याचे काटवल म्हणजे ‘काट्यांचा वेल’.

लिखित मराठीत मात्र ‘करटोली’चाच आढळ अधिक, आणि त्याचे कारण भाषिक नसून प्रशासकीय आहे. थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवर लिहिलेला मोठा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झाला. पुढील मराठी वनस्पतिनोंदींस तो आधारभूत ठरला. भंडारा जिल्हा त्या वेळी मध्य प्रांतात होता. तो महाराष्ट्रात आला तो १९६० मध्ये. त्यामुळे काटवलाचा सर्वाधिक वापर जेथे होतो, तेथील नाव ग्रंथांच्या परिघाबाहेर, बाजारातच राहिले.

५

युरोपातही वनस्पतींच्या लिंगभेदाचे ज्ञान फार जुने नाही. मेसोपोटेमियातील खजुराचे बागाईतदार नर झाडाचा फुलोरा मादी झाडावर नेऊन बांधीत, हे प्राचीन काळापासून ज्ञात होते. परंतु तो एका झाडापुरता व्यवहार होता. सर्व सपुष्प वनस्पतींस लागू होणारे प्रायोगिक विवेचन जर्मनीतील ट्यूबिंगेन येथे रुडॉल्फ कामेरारियस याने १६९४ मध्ये केले. एरंड, तुती यांसारख्या झाडांवर प्रयोग करून पराग नसेल तर बीज तयार होत नाही, हे त्याने दाखविले. लिनियसने १७३५ मध्ये आपली वर्गीकरणपद्धती या लिंगभेदावरच उभारली व नर-मादी झाडे निराळी असणाऱ्या वनस्पतींसाठी एक वेगळा वर्ग ठेवला. त्यास त्याने ‘दोन घरे’ या अर्थाचे ग्रीक नाव दिले. कोलकात्याच्या वनस्पती-उद्यानाचे अधीक्षक विल्यम रॉक्सबर्ग यांनी आपल्या काटवलास तेच विशेषण लावले, आणि विल्डेनो याने १८०५ मध्ये ते नाव प्रसिद्ध केले. ‘डायोइका’ म्हणजे दोन घरांत राहणारी.

अशा रीतीने एकाच वस्तुस्थितीची दोन नावे झाली. संस्कृत-मराठी नावाने ‘फळ नाही’ एवढे सांगितले. शास्त्रीय नावाने फळ का नाही, हे सांगितले. पहिले निरीक्षण शतकांनी जुने असूनही स्पष्टीकरणापर्यंत पोहोचले नाही, याचे कारण निरीक्षकांची बुद्धी कमी होती हे नव्हे. पेरणीचा प्रयोग त्यांच्या व्यवहारातच नव्हता.

६

हा विषय केवळ शब्दकोशाचा नाही, हे दोन गोष्टींवरून ध्यानात येईल.

पहिली गोष्ट औषधाची. ‘नागारि’ या नावामुळे वांझ करटोलीचा कंद सर्पविषावर उतारा आहे, ही समजूत टिकून आहे. योगायोग असा, की ‘कर्कोटक’ हे महाभारतातील नलाख्यानात येणाऱ्या एका नागाचेही नाव आहे. नावांच्या या साम्याने ती समजूत दृढ होण्यास मदत झाली असणे अशक्य नाही. परंतु नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चार सर्पांच्या विषावर आज सिद्ध झालेला उपाय एकच आहे, आणि तो म्हणजे रुग्णालयात दिली जाणारी प्रतिविष लस. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक अभ्यासानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे मृत्युमुखी पडली. म्हणजे वर्षाला सरासरी ५८,०००. त्यांतील बहुतेक खेड्यांतील होती आणि सुमारे निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या महिन्यांतील होते. धानाच्या बांध्यांत माणसे राबतात व रानात काटवले वेचली जातात, ते हेच महिने. अशा वेळी कंद उगाळण्यात गेलेला अर्धा तास प्राणघातक ठरू शकतो. वनस्पतीच्या यकृतरक्षक व तत्सम गुणांविषयी प्राण्यांवर प्रयोग झालेले आहेत. परंतु त्यावरून माणसाच्या सर्पदंशासंबंधी काहीही सिद्ध होत नाही. निघंटूतील नाव हा इतिहासाचा पुरावा आहे, चिकित्सेचा नव्हे.

दुसरी गोष्ट वेलाच्या अस्तित्वाची. फळासाठी मादी वेल राखला जातो. औषधाच्या नावाखाली खणला जातो तो नर वेल. फळ तोडल्याने वेल मरत नाही, पण कंद खणल्यावर तो संपतो. एखाद्या रानातील नर वेल असे संपले, तर उरलेल्या मादी वेलांस फुले येतील, परंतु फळ धरणार नाही. मग वांझपणा सर्वच वेलांच्या वाट्यास येईल. काटवलाची लागवड करू पाहणाऱ्या शेतकऱ्यापुढेही हाच प्रश्न असतो. बियांपासून केलेल्या लागवडीत सुमारे निम्मे वेल नर निघतात आणि ते निरुपयोगी म्हणून उपटले जाण्याचा संभव असतो. म्हणून लागवड कंदांपासून करणे व आठ-दहा मादी वेलांमागे एक नर वेल राखणे श्रेयस्कर ठरते. शेजारच्या छत्तीसगडमध्ये रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाने ‘इंदिरा कंकोडा-१’ हे वाण दिले आहे. म्हणजे वेचण्याच्या वनस्पतीचे पेरण्याच्या वनस्पतीत रूपांतर होण्यास प्रारंभ झालेला आहे. संग्राहकाने दिलेले नाव शेतकऱ्यास पुरे पडत नाही, ते या टप्प्यावर.

मराठीचे शब्दकोश व वनस्पतिकोश यांनी या संदर्भात करण्याजोगे काम मर्यादित परंतु निश्चित स्वरूपाचे आहे. ‘वांझ करटोली’ हे नाव गाळून टाकणे योग्य होणार नाही, कारण त्यात रानात वावरणाऱ्यांच्या अनेक पिढ्यांचे निरीक्षण साठलेले आहे. परंतु ती निराळी वनस्पती म्हणून न देता ‘काटवलाचा नर वेल’ अशी तिची नोंद केली पाहिजे, आणि ‘काटवल’ हे नाव ‘करटोली’ची ग्राम्य बोली म्हणून न देता पूर्व विदर्भाचे प्रमुख नाव म्हणून दिले पाहिजे. सह्याद्रीतील दिवसा फुलणाऱ्या करटोलीचा निर्देशही स्वतंत्रपणे व्हावयास हवा. कोशातील अशा एका ओळीच्या दुरुस्तीमुळे कंद खणणारा हात क्षणभर थांबला, तरी तिचे प्रयोजन सिद्ध होईल.